हजेरीपटावरची बाग : उद्यान आणि क्रीडांगण कामगारांच्या व्यावसायिक समाजजीवनाविषयी प्रस्तावना

सार्वजनिक उद्याने, क्रीडांगणे, टेकड्यांवरील वनोद्याने, रस्त्याकडेची झाडे, तालमी आणि जलतरण तलाव यांची रोजची निगा राखणाऱ्या कामगारांचे आपसांतील व्यवसायसंबंध हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे. ‘व्यावसायिक समाजजीवन’ ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने योजली आहे. एकाच कामात आयुष्य घालवणाऱ्या माणसांनी ते काम परस्परांना शिकवणे, चांगले काम कोणते आणि उरकलेले काम कोणते याचा निवाडा आपसांत करणे, अडीअडचणीला एकमेकांसाठी उभे राहणे आणि आपल्या कामाबद्दल चारचौघांत बोलता येईल अशी जागा निर्माण करणे, एवढ्या गोष्टी तिच्यात अभिप्रेत आहेत. वकिलांचे संघ, शिक्षकांची अधिवेशने आणि डॉक्टरांच्या परिषदा यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे; गिरणी कामगार, हमाल आणि कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया यांच्या संघटनांची नोंदही अभ्यासकांनी आस्थेने घेतली आहे. बागेचा विषय निघाला म्हणजे मात्र चर्चा वनस्पतींची, नगररचनेची किंवा पर्यावरणाची होते, आणि भल्या पहाटे फाटक उघडून नळीला पाणी चढवणारा माणूस त्या चर्चेबाहेर राहतो. कोणतीही सार्वजनिक बाग टिकते ती तिच्यावर राबणाऱ्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या सहवासामुळे, आणि तो सहवास तुटला की पुढे कितीही निधी ओतला तरी ती बाग पुन्हा उभी राहत नाही, हे या अभ्यासाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या कामगारवर्गात कोण येते हे आधी स्पष्ट केले पाहिजे. महापालिकांच्या उद्यान विभागात उद्यान अधीक्षक, उद्यान निरीक्षक, उद्यान सहायक, मुकादम, माळी, बिगारी आणि रखवालदार अशी पदांची उतरंड आढळते. ‘बिगारी’ म्हणजे खोदाई, वाहतूक, झाडलोट असे कोणतेही अंगमेहनतीचे काम करणारा मजूर, तर ‘मुकादम’ म्हणजे हजेरी घेऊन कामाचे वाटप करणारा. त्यांच्या जोडीला नौकानयनाच्या तळ्यावरचे नावाडी, तरण तलावावरचे जीवरक्षक, क्रिकेटची खेळपट्टी राखणारे मैदानकर्मी आणि मुलांच्या झुकझुक गाडीचे चालक हेही याच व्यवसायाचे घटक मानले पाहिजेत. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली सुरू झालेल्या ‘फुलराणी’ने ज्या पिढ्यांना रिझवले त्यांना ती गाडी आठवते, तिचे रूळ तपासणारे हात आठवत नाहीत. माळी हे जातीचे नाव आणि माळी हे पदाचे नाव यांतील फरकही ध्यानात ठेवावा लागतो. बागायतीचे पारंपरिक ज्ञान माळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले, आणि सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील संत सावता माळी यांनी मळ्यातल्या कष्टालाच भक्तीचे स्थान दिले हे मराठी मनाला परिचित आहे; परंतु नगरपालिकेच्या आस्थापनेवरील माळी हे पद कोणत्याही जातीच्या माणसाला खुले आहे, आणि हे ज्ञान जातीच्या कुंपणाबाहेर पडून सार्वजनिक सेवेचे झाले ही घटना सामाजिकदृष्ट्या मोलाची आहे.

अभ्यासाचा प्रारंभबिंदू म्हणून धाराशिव जिल्ह्यातील वाशी हे गाव निवडले आहे. नवी मुंबईतील वाशी हा नियोजित उपनगराचा भाग असून तेथे उद्यानांची आखणी इमारतींबरोबरच झाली. येथे अभिप्रेत असलेली वाशी बालाघाटच्या पठारावरची, कमी आणि लहरी पावसाच्या पट्ट्यातली, तालुक्याचे ठिकाण असलेली वाशी आहे. २०१४-१५ च्या सुमारास राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतींचा दर्जा दिला, त्या ओघात वाशीही नगरपंचायत झाली. नगरपंचायत म्हणजे ग्रामीण वस्तीकडून नागरी वस्तीकडे संक्रमण करणाऱ्या गावाची स्थानिक स्वराज्य संस्था. हे संक्रमण कागदावर एका अधिसूचनेने होते, प्रत्यक्षात त्याला एक पिढी लागते. बाजारतळ, शाळेचे पटांगण, देवळापुढचा पार आणि गावालगतचे गायरान यांवर आजवर गावाचा विरंगुळा भागत असे आणि त्यांची राखण सर्वांची म्हणून कोणा एकाची नसे. नगरपंचायत आल्यावर विकास आराखडा, आरक्षित भूखंड, बगीचा, खुली व्यायामशाळा हे शब्द येतात आणि त्यांच्याबरोबर ‘हे सांभाळणार कोण’ हा प्रश्नही येतो. मोठ्या शहरांच्या उद्यान विभागांत हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षांच्या वहिवाटीखाली दडून गेला आहे. वाशीसारख्या ठिकाणी तो उघडा दिसतो, म्हणूनच या विषयाकडे पाहण्यास ती जागा योग्य आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानाला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा समावेश नगरपालिकांच्या कार्यांत केला आहे. राज्याच्या महानगरपालिका व नगरपरिषद अधिनियमांत मात्र स्थानिक संस्थेची कर्तव्ये बंधनकारक आणि ऐच्छिक अशा दोन गटांत विभागलेली असून सार्वजनिक उद्याने ऐच्छिक गटात येतात. पाणी, दिवाबत्ती आणि सफाई यांना टाळता येत नाही. बागेला टाळता येते. त्यामुळे अंदाजपत्रकात तूट आली की पहिली कात्री बागेला लागते, आणि बागेवरील खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा असल्याने ती कात्री प्रत्यक्षात माळ्याच्या पदाला लागते. नगरपरिषदांच्या राज्यस्तरीय सेवेत स्थापत्य, विद्युत, पाणीपुरवठा, लेखा, करनिर्धारण, अग्निशमन अशा शाखा बांधल्या गेल्या; उद्यानाचे काम लहान गावांत बहुधा आरोग्य किंवा बांधकाम विभागाच्या आश्रयाने चालते. स्वतःचा विभाग नसलेल्या कामाला स्वतःची परंपरा निर्माण करणे फार कठीण जाते.

बागेत काम करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे की नाही, हा प्रश्न एकेकाळी खरोखर वादाचा होता, आणि त्याचा निर्णय मराठी मुलुखातील दोन खटल्यांनी झाला हे या व्यवसायाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवले पाहिजे. पहिला खटला नागपूरचा. नागपूर महापालिका आणि तिचे कर्मचारी यांच्यातील वादात महापालिकेचे कोणकोणते विभाग ‘उद्योग’ या व्याख्येत बसतात हे सर्वोच्च न्यायालयाला ठरवावे लागले. ‘उद्योग’ ही संज्ञा येथे कारखाना या अर्थाने नाही. ज्या कामातील मालक-कामगार तंटा औद्योगिक न्यायालयापुढे नेता येतो असे काम, एवढाच तिचा कायदेशीर अर्थ आहे. १९६० साली दिलेल्या निकालात न्यायालयाने एकेक विभाग तपासला, आणि जी सेवा एखादी खासगी व्यक्तीही देऊ शकली असती ती केवळ महापालिका देते म्हणून राज्यसत्तेचे कार्य ठरत नाही, या विचाराने सार्वजनिक उद्यान विभागालाही उद्योगाच्या व्याख्येत धरले. महाराष्ट्र राज्य ज्या वर्षी स्थापन झाले त्याच वर्षी माळ्याला दाद मागण्याचा दरवाजा उघडला गेला.

दुसरा खटला अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे, कारण त्यात उद्यान आणि मनोरंजन हे दोन्ही शब्द थेट वादाच्या केंद्रस्थानी होते. पुण्याच्या दक्षिणेस पर्वती आणि तळजई यांना लागून असलेल्या पाचगाव पर्वतीच्या टेकड्यांवर वन विभागाने सुरुवातीला सुमारे २४५ हेक्टर क्षेत्रावर एक योजना हाती घेतली. उजाड टेकड्यांवर झाडे लावून वाढत्या शहरातील लोकांना फिरण्यासाठी, विरंगुळ्यासाठी आणि निसर्गशिक्षणासाठी एक वनोद्यान उभारावे असा तिचा हेतू होता. ज्या मजुरांनी खड्डे खणले, रोपे वाहिली, उन्हाळ्यात पाणी घातले आणि वणव्यापासून झाडे राखली त्यांना मात्र वर्षानुवर्षे हंगामी म्हणूनच मस्टरवर ठेवण्यात आले. ‘मस्टर’ म्हणजे रोजंदारी मजुरांचा हजेरीपट. पाच-सहा वर्षे असे काम केल्यावर त्यांनी आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील सामाजिक वनीकरणाच्या मजुरांनी औद्योगिक न्यायालयात तक्रारी दाखल केल्या. त्यांचा आधार होता महाराष्ट्राचा १९७१ चा अधिनियम, जो कामगार संघटनांना मान्यता देण्यासाठी आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्यासाठी करण्यात आला. कामगारांना कायमपणाचे लाभ मिळू नयेत या हेतूने त्यांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षे राबवणे ही त्या अधिनियमाने अनुचित प्रथा ठरवली आहे.

वनसंरक्षण हे सार्वभौम राज्याचे कार्य आहे, ते उद्योग नव्हे, शिवाय योजना मुदतीची असल्याने मजूरही मुदतीचेच, असा युक्तिवाद शासनाने केला. ‘मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे’ या नावाने कायद्याच्या ग्रंथांत नोंदलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये तो युक्तिवाद नाकारला. लोकांच्या विरंगुळ्यासाठी आणि शिक्षणासाठी राबवलेली योजना हे राज्याचे अविभाज्य सार्वभौम कार्य होऊ शकत नाही, असे काम खासगी व्यक्तीलाही करता येते, म्हणून हा उद्योग आहे. आणि इतकी वर्षे माणसांना हंगामी ठेवण्यामागचा हेतू त्यांना कायमपणापासून दूर ठेवण्याचाच होता असे मानणे वाजवी आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. झाडे वाढवण्याची गरज काही वर्षांनी संपत नसते हेही न्यायालयाने ध्यानात घेतले. या निकालाचे महत्त्व केवळ काही मजुरांना मिळालेल्या कायमपणात नाही. टेकडीवर झाड जगवणे हे कौशल्याचे आणि सातत्याचे काम आहे, ते करणारा माणूस दर हंगामाला बदलता येण्याजोगा नाही, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे मजुरांनी सिद्ध केली. आज तळजईच्या पायवाटांवर रोज सकाळी फिरणाऱ्या हजारो पुणेकरांना या खटल्याची माहिती असणे अगत्याचे आहे, कारण ज्या सावलीत ते चालतात तिच्यामागे हा झगडा आहे.

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे विभागांत याच प्रश्नाची वेगळी वाट १९६७ च्या कालेलकर निवाड्याने काढली होती. रोजंदारीवर सलग पाच वर्षे काम केलेल्या मजुराला ‘रूपांतरित नियमित अस्थायी आस्थापने’वर घेण्याची तरतूद त्यात होती, आणि धरणांवरील व विश्रामगृहांच्या बागा राखणाऱ्या अनेकांच्या सेवापुस्तकात या लांबलचक नावाची नोंद सापडते. पुढे चित्र पालटले. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मागील दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्यास प्रतिबंध केला. २००९ मध्ये राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने १९७१ च्या अधिनियमाखालील औद्योगिक न्यायालयांचे अधिकार शाबूत असल्याचे स्पष्ट केले. पण तोवर स्थानिक संस्थांनी माणसे नेमणेच थांबवून कामे ठेकेदाराला देण्याचा मार्ग धरला होता. मुंबईच्या सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या रूपाने दीर्घ लढा देऊन २०१७ साली सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांच्या कायमपणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. उद्यान कामगारांना असे बळ क्वचितच एकवटता आले, कारण सफाईचा कामगार वस्तीवस्तीत गटाने काम करतो आणि बागेचा कामगार बागेबागेत विखुरलेला असतो.

या विखुरलेपणातून वाट काढत जे समाजजीवन उभे राहते त्याचा गाभा शिकवणुकीचा आहे. कलम बांधणे, गुटी धरणे, गादीवाफा तयार करणे, मेंदीचे कुंपण एका पातळीत कातरणे, हिरवळीतला हरळीचा आणि लव्हाळ्याचा भेद कोवळेपणीच ओळखणे, या गोष्टी पुस्तकात मिळतात, पण हातात येतात त्या दुसऱ्याच्या हाताकडे पाहून. गुटी म्हणजे फांदीची साल वर्तुळाकार काढून तिथे ओलसर शेवाळ किंवा माती बांधून मुळे फुटू देण्याची पद्धत. ती किती दिवसांनी कापायची याचे उत्तर ऋतूप्रमाणे आणि झाडाप्रमाणे बदलते. कृषी विद्यापीठांतून माळी प्रशिक्षणाचे वर्ग चालतात आणि त्यांचा उपयोग निःसंशय आहे, तरी एका विशिष्ट बागेची माती, तिथल्या विहिरीच्या पाण्याचा खारेपणा, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते आणि कोणत्या झाडाला मागल्या दुष्काळात वाळवी लागली होती, हे ज्ञान कोणत्याही वर्गात मिळत नाही. ते जुन्या माळ्याकडून नव्या माळ्याकडे कामाच्या ओघात जाते. बालाघाटच्या पठारावर हे आणखी प्रकर्षाने खरे आहे. कडुनिंब, करंज, चिंच आणि आपटा ही झाडे तिथे तग धरतात, परंतु लावल्यानंतरचे पहिले दोन उन्हाळे त्यांना पाणी कधी, किती आणि आळ्यात कोणत्या बाजूने द्यायचे यावर त्यांचे जगणे ठरते. आळे म्हणजे खोडाभोवती पाणी धरण्यासाठी केलेला गोल खोलगट भाग. ते उताराच्या अंगाने बांधायचे असते आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यायचे असते. राज्यात २०१६ पासून २०१९ पर्यंत २ कोटींपासून ३३ कोटींपर्यंतच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टे जाहीर झाली. लागवडीला संख्या असते, जगवणुकीला माणूस लागतो, आणि अकरा महिन्यांच्या कराराने आलेला मजूर दुसरा उन्हाळा पाहायला त्याच झाडापाशी असेलच असे नाही. ठेका बदलला की झाडाची सारी माहिती जुन्या मजुराबरोबर निघून जाते. कंत्राटी पद्धतीवर वेतनाच्या अंगाने टीका झाली आहे. ज्ञानाच्या या नाशाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि प्रस्तुत अभ्यासाच्या मते तो अधिक गंभीर आहे, कारण त्याची भरपाई कोणत्याही न्यायालयाला करून देता येत नाही.

समाजजीवनाचे दुसरे केंद्र हजेरीची जागा हे आहे. बागेच्या कोपऱ्यातील अवजारांची खोली, रोपवाटिकेतील शेड किंवा एखादे जुने झाड, जिथे मुकादम सकाळी नावे पुकारतो, तिथे दिवसाचे काम ठरते, कोणाचा खाडा पडला ते कळते, घरच्या आजारपणाची बातमी पसरते आणि उसनवारीही होते. खंडेनवमीला खुरपी, फावडी, कातऱ्या आणि आता गवत कापण्याची यंत्रेही धुऊन-पुसून, झेंडूची फुले वाहून तिथेच पूजली जातात. रोपवाटिकेत पिशव्या भरण्याचे आणि बागेत खुरपणीचे काम बव्हंशी स्त्रिया करतात. ओळीने बसून खुरपताना जी देवाणघेवाण होते तिच्यातून कामाचे बारकावे तर जातातच, पण भिशी, बचत गट आणि मुलींच्या शिक्षणाचे निर्णयही आकार घेतात. असे असून मुकादमाच्या पदावर स्त्री अपवादानेच दिसते. ज्यांच्या हातून रोप जन्माला येते त्यांना त्या रोपाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार नसावा, ही या व्यवसायातील सर्वांत मोठी अन्यायाची बाब आहे.

कामाचा अभिमान जाहीरपणे मांडण्याची संधी पुष्पप्रदर्शने देतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरवते. मुंबईत १८६२ साली खुल्या झालेल्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिकेचे उद्यान खाते आणि वृक्ष प्राधिकरण वार्षिक प्रदर्शन घेतात. वृक्ष प्राधिकरण ही १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाने स्थापन झालेली समिती असून झाड तोडण्याची परवानगी, वृक्षगणना आणि लागवड ही तिची कामे आहेत. या प्रदर्शनांसाठी कित्येक महिने आधी कुंड्या भरल्या जातात, फुले नेमक्या आठवड्यात उमलावीत म्हणून खुडणी आणि खतपाणी यांचा हिशेब मांडला जातो, आणि एका विभागाचे माळी दुसऱ्या विभागाच्या मांडणीसमोर उभे राहून तिची चिकित्सा करतात. समव्यवसायी माणसाची ही दाद प्रेक्षकांच्या दादेपेक्षा निराळी आणि कारागिराला अधिक हवीशी असते. ज्या कुंडीला पारितोषिक मिळाले तिच्या फलकावर ती वाढवणाऱ्या माळ्याचे नाव लिहिण्याची प्रथा सर्वत्र पडावी, एवढी साधी सुधारणाही पुष्कळ काही साधेल.

मनोरंजनाच्या क्षेत्रातील कामगाराची एक अडचण इतर कामगारांना नसते: इतरांची सुट्टी हा त्याचा सर्वाधिक कामाचा दिवस असतो. साप्ताहिक सुट्टीचा इतिहास या संदर्भात स्मरणीय आहे. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि दीर्घ प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. ती सुट्टी मिळाल्यामुळेच सामान्य कामगाराच्या कुटुंबाला बागेत जाण्याची फुरसत लाभली. ज्या माळ्याच्या श्रमावर तो रविवार साजरा होतो त्याला सणावाराला घरी राहता येत नाही. दिवाळी, उन्हाळी सुट्टी, पंधरा ऑगस्ट या दिवसांत बदली सुट्टीचे गणित जमवताना बागेतील कामगार आपसांत जे समंजस वाटप करतात, ते त्यांच्या समाजजीवनाचे फार सुंदर अंग आहे. बागेत येणारे नागरिकही आपापसांत नाती जोडतात. १९९५ साली मुंबईतील एका सार्वजनिक बागेत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेला हास्यक्लब जगभर पोहोचला आणि त्याच्यावर भरभरून लिहिले गेले. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या अखेरीस पाचगाव पर्वतीच्या मजुरांना न्याय मिळाला, आणि त्याची वार्ता कायद्याच्या ग्रंथांपलीकडे फारशी गेली नाही.

परदेशात या व्यवसायाला संघटित रूप आधी आले. इंग्लंडमधील बर्केनहेडचे उद्यान १८४७ साली खुले झाले. ते पाहून प्रभावित झालेले फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे शिल्पकार झाले. अमेरिकेत १९६५ साली उद्यान आणि मनोरंजन क्षेत्रातील अनेक संस्था एकत्र येऊन एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्यामार्फत व्यवसायाची प्रमाणपत्रे दिली जातात, आणि १९८५ पासून जुलै महिना या क्षेत्राचा महिना म्हणून पाळला जातो. तेथील नमुना जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही, कारण त्यात व्यवस्थापकांचा आवाज मोठा आहे आणि खुरपे धरणाऱ्याचा लहान. तरीही एक गोष्ट घेण्याजोगी आहे: मैदान, बाग, तलाव आणि खेळ या सर्वांची निगा हा एकच व्यवसाय आहे ही जाणीव.

वाशी परिसरात ही जाणीव रुजण्यास जुना आधार आहे. येथील माणसाचा विरंगुळा बागेपेक्षा जत्रेत आणि तालमीत अधिक होता. जवळच्या येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्रातील यात्रा भरते तेव्हा लाखो माणसांच्या पाण्याची, वाटांची आणि मोकळ्या जागांची व्यवस्था लावणारे हात असतात. तालमीतील हौद्याची लाल माती चाळून तिच्यात तेल, हळद, ताक आणि लिंबू मुरवणारे वस्ताद आणि त्यांचे पठ्ठे हेही मैदान राखणारेच आहेत. रोजगार हमी योजनेवर आणि १९८२ पासून सामाजिक वनीकरणाच्या कामांवर या भागातील मजुरांनी, विशेषतः दुष्काळाच्या वर्षांत, रस्त्याकडेची झाडे वाढवली. म्हणजे अनुभव आहे, माणसे आहेत; त्यांना एकमेकांशी जोडणारा धागा तेवढा नाही. नगरपंचायतीत पाणी सोडणारा, झाडलोट करणारा आणि बगिच्याला पाणी घालणारा कर्मचारी बहुधा एकच असतो, आणि ज्याच्याशी कामाविषयी बोलावे असा दुसरा माणूस त्याला गावात नसतो. असा एकटा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या कामाची परंपरा होत नाही.

म्हणून या अभ्यासाची दिशा जिल्हा हा घटक धरून आखली आहे. धाराशिव जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम आणि परंडा या आठ नगरपरिषदा आणि वाशी व लोहारा या दोन नगरपंचायती आहेत. एकेका ठिकाणी दोन-चार माणसे असली तरी दहा ठिकाणची मिळून एक मोठा मेळा होतो. तुळजापूरला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसरही तिथेच आहे. एक संस्था झाडाचे शास्त्र जाणते, दुसरी श्रमाचे. या दोहोंच्या साहाय्याने वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी खड्ड्यांची आणि रोपांची तयारी चालू असताना आणि एकदा छाटणीच्या हंगामात, जिल्ह्यातील माळी, रोपवाटिकेतील स्त्री-कामगार, मैदानकर्मी, तालमींचे वस्ताद आणि सामाजिक वनीकरणाचे मजूर यांचा मेळावा भरवणे अवघड नाही. त्या दिवसाची हजेरी कामाचा दिवस म्हणून धरली जावी आणि ठेकेदाराकडील कामगारांनाही ती मिळावी, ही त्यातील एकमेव खर्चाची बाब आहे. प्रत्येक बागेची एक नोंदवही असावी, तिच्यात झाड लावल्याची तारीख, पाण्याच्या पाळ्या, रोग आणि उपाय यांबरोबर ते काम करणाऱ्याचे नाव लिहिले जावे, आणि ठेका बदलला तरी वही बदलू नये.

पुढील प्रकरणे याच क्रमाने मांडली आहेत: आधी पद आणि वेतन, मग कौशल्य आणि त्याची शिकवण, त्यानंतर स्त्री-कामगारांचे स्थान आणि शेवटी लहान गावांचा प्रश्न. नगरपंचायतीचे सदस्य, मुख्याधिकारी आणि बागेत रोज फिरायला जाणारे नागरिक यांनी शेवटचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. आपल्या गावच्या बागेला माळ्याचे मंजूर पद आहे का, ते भरलेले आहे का, आणि नसल्यास का नाही, ही विचारणा प्रत्येक वाचकाने आपल्या नगरपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे लेखी करावी आणि उत्तर मिळेपर्यंत तिचा पाठपुरावा सोडू नये, अशी कळकळीची विनंती आहे.